घोड्याच्या अंगावरील गाठी आणि झाडपाल्याची औषधे

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

पावसाळ्यात जनावरांच्या कातडीची काळजी कशी घ्यावी, यावर या सदरात लिहिल्यानंतर बेळगाव, निपाणी, खानापूर आणि रायबाग या बाजूंनी बरीच पत्रे आली. त्यांत गुरांपेक्षा घोड्यांविषयीची अधिक निघाली, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात अंगावरच्या गाठीला कोणता पाला, तेल किंवा चीक लावावा, अशी विचारणा होती. त्यांतील सहा पत्रे निवडून येथे एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न (निपाणी परिसर) : माझ्या सहा वर्षांच्या तांबड्या घोड्याच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस सुपारीएवढी खरखरीत गाठ होती. गावात येणाऱ्या एका वैदूने तिला बिब्ब्याचे तेल आणि चुना लावला. काळी खपली धरून गाठ गळून पडली, पण पुढे त्याच जागी रक्ताळणारे मांस वाढले आणि शेजारी आणखी दोन बारीक गाठी उठल्या. औषध कमी पडले, पुन्हा लावू, असे वैदू म्हणतो. मुलगा मोबाइलवर अमेरिकेतील कुठल्याशा लाल मुळीचा लेप दाखवून तो मागवू म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : बिब्बा पुन्हा लावू देऊ नये, आणि लेपही मागवू नये. कारणे सविस्तर सांगतो, कारण आलेल्या पत्रांतील निम्म्या चुका या एकाच गाठीपाशी होतात.

घोड्याचे वय, गाठीची जागा आणि खपली पडल्यानंतरचे तिचे वागणे पाहता ती सारकॉइड असावी, असे मला वाटते. घोड्यांच्या कातडीवर जगभर सर्वाधिक आढळणारे अर्बुद, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीची गाठ, हेच होय. गायीबैलांना मस आणणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंपैकी पहिल्या व दुसऱ्या प्रकाराशी त्याचा संबंध आहे, आणि माश्या हा विषाणू एका जनावराच्या अंगावरून दुसऱ्याच्या जखमेवर नेत असाव्यात असे मानले जाते. आपल्याकडे घोडा बहुधा गुरांच्याच गोठ्यात, एका दावणीला बांधलेला असतो, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पापण्या, कानाचे बूड, छाती, बगल, जांघ आणि पाय या सारकॉइडच्या नेहमीच्या जागा. ते फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही, त्यामुळे घोडा सहसा त्याने दगावत नाही. मात्र कातडीत त्याचा पसारा डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा असतो, आणि अर्धवट डिवचल्यास शांत पडून असलेली गाठही चवताळून वाढते.

बिब्ब्याच्या तेलात कातडी भाजून काढणारी अत्यंत तीव्र द्रव्ये असतात. चुना, पापडखार, रुईचा चीक आणि मोरचूद यांचे कामही थोड्याफार फरकाने तेच. ही द्रव्ये गाठीचा वरचा थर मारतात, त्याची खपली गळते आणि मालकाला गाठ गेली असे वाटते. खाली उरलेल्या पेशींना तेवढ्याने काही होत नाही. उलट भोवतालची निरोगी कातडी भाजल्यामुळे जखम रुंदावते आणि त्या ओल्या जखमेवर माश्या बसू लागतात. शेजारच्या दोन गाठी याच वाटेने आल्या असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. याखेरीज घोडा मान वळवून मांडी चाटतो व चावतो, तेव्हा हे तेल त्याच्या ओठांना, जिभेला आणि डोळ्यांना लागते. डोळ्यात गेलेल्या रुईच्या चिकाने बुबुळाला गंभीर इजा होते.

वैदू आपल्याला फसवतो आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याच्या हाताने साध्या चामखिळी गळालेल्या त्याने आणि गावाने पाहिलेल्या असतात, आणि त्या भरवशावर तो प्रत्येक खरखरीत गाठीला तीच औषधी लावतो. गाठ ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते, ही खरी अडचण आहे.

आता अमेरिकेच्या लेपाविषयी. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलात ब्लडरूट नावाचे लहानसे रोप उगवते. त्याच्या लालभडक मुळीत सँग्विनरीन नावाचा विषारी अल्कलॉइड असतो. ही मुळी आणि झिंक क्लोराइड एकत्र करून केलेले लेप तिकडे सारकॉइडवर वापरले जातात, आणि काही पशुवैद्यही ते वापरतात, हे खरे आहे. पण तेथेही तो भाजणाराच लेप मानला जातो. लहान, वरवरच्या, डोळ्यापासून आणि सांध्यापासून दूर असलेल्या गाठीवर, भोवती व्हॅसलीनचे कडे करून, पशुवैद्याच्या नजरेखाली तो लावतात, आणि तरीही गाठ परत येण्याची शक्यता राहतेच. हेच सँग्विनरीन आपल्या रानात, पडीक जमिनीत उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांत असते. त्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे 1998 मध्ये दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या विषबाधेची, साथ आली आणि अनेक माणसे दगावली. म्हणून विदेशी मुळी परवडत नाही तर तोच गुण असलेला पिवळा धोत्रा वाटून लावू, असा विचार कोणी करू नये. एका वाचकाने तसे विचारलेही आहे.

सारकॉइडला उपचार आहेत. गाठीभोवतीची पुरेशी निरोगी कातडी घेऊन केलेली शस्त्रक्रिया, द्रव नायट्रोजनने गोठवणे, गाठीत सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधाचे इंजेक्शन, तशाच फ्लुरोयुरॅसिलचा मलम हे त्यांपैकी काही. डोळ्याजवळच्या गाठींत माणसांच्या क्षयाची बीसीजी लसही टोचली जाते. यांपैकी काय करावे हे गाठीची जागा आणि आकार पाहून ठरते. गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह मात्र आपणहून धरू नका. अर्धवट तुकडा काढल्यानेही सारकॉइड भडकू शकते, त्यामुळे जाणकार पशुवैद्य एकतर नजरेने निदान करतो किंवा गाठ पूर्ण काढून मगच प्रयोगशाळेत पाठवतो. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्यांची सवय असलेले डॉक्टर नसतील, तर बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात किंवा गदगच्या महाविद्यालयात दाखवता येईल. निपाणीहून महामार्गाने सरळ वर गेल्यास शिरवळचे महाविद्यालयही आपल्याला सोयीचे पडेल. राज्याची सीमा आड येईल अशी काळजी करू नये, जनावर कोठेही तपासले जाते.

तोवर जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, भोवती माश्या बसू देऊ नयेत, तंग किंवा जोताचा पट्टा तेथे घासणार नाही असे पाहावे, आणि धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. धनुर्वाताला घोड्याइतके नाजूक दुसरे पाळीव जनावर नाही, आणि भाजलेल्या जखमेवर शेण किंवा माती थापण्याची आपल्याकडची सवय त्या आजाराला आवतण देणारी आहे.

प्रश्न (चिकोडी तालुका) : दीड वर्षाच्या शिंगराच्या नाकाडावर आणि ओठांवर करड्या रंगाच्या पुष्कळ बारीक चामखिळी आल्या आहेत. आमच्याकडे त्यांना घोड्याच्याच शेपटीचा केस बांधतात. बांधू का?

उत्तर : बांधू नका, आणि दुसरेही काही करू नका. कोवळ्या वयात नाकतोंडावर येणाऱ्या या चामखिळी घोड्यांच्या स्वतःच्या पॅपिलोमा विषाणूमुळे येतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की काही महिन्यांत आपोआप झडतात. या काळात लावलेल्या प्रत्येक औषधाला यश मिळते, मग ते थुजा या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब असोत, लसणाचा रस असो किंवा देवाचा अंगारा असो. शिंगराची पाण्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा, एवढे पुरे. नऊ-दहा महिने उलटूनही त्या गेल्या नाहीत, किंवा तीन वर्षांपुढच्या घोड्याला नव्याने आल्या, तर मात्र दाखवावे.

शेपटीच्या केसाने चामखीळ बांधण्याचा उपाय माणसांतही चालतो, हे बेळगावच्या वाचकांना सांगायला नको. देठ असलेल्या गाठीला दोरा आवळून तिचा रक्तपुरवठा तोडणे ही कल्पना शास्त्राला धरूनच आहे. पण नाकाडावरच्या या चामखिळी बसक्या असतात, त्यांना बांधायला देठ नसतो. ओठ ओढला जाऊन शिंगरू तोंडाला हात लावू देईनासे होईल आणि पुढे लगाम चढवताना त्याचा त्रास आपल्यालाच होईल.

प्रश्न (बेळगाव शहर) : आमची पांढरी घोडी सतरा वर्षांची असून लग्नाच्या वरातीत चालते. शेपटीच्या खाली, गुदद्वाराभोवती काळ्या, टणक, गुळगुळीत गाठी आल्या आहेत. दुखत नाहीत. रक्त बिघडले असे सांगून एकाने मंजिष्ठा, हळद आणि कडुनिंबाची भुकटी चंदीतून द्यायला सांगितली आहे. द्यावी का?

उत्तर : एक गोष्ट आठवून पाहा. ही घोडी जन्मतः पांढरी होती, की काळी वा तांबडी जन्मून वर्षागणिक पांढरी झाली? बाजारात दोघींनाही पांढरीच म्हणतात, पण जन्मतः पांढरी, गुलाबी कातडीची नुकरा आणि गडद रंगाने जन्मून पिकत जाणारी सब्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सब्जा घोड्यांचे केस लवकर पांढरे करणारा जनुकीय बदल 2008 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी शोधून काढला. त्याच बदलामुळे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, म्हणजे मेलानोमा, या घोड्यांत फार मोठ्या प्रमाणात होतात. पंधरा वर्षांवरील सब्जा घोड्यांपैकी सुमारे 70 ते 80 टक्के घोड्यांत त्या कोठे ना कोठे सापडतात, आणि शेपटीखालची जागा त्यांतली सर्वांत नेहमीची आहे. आपल्या घोडीच्या गाठी याच असाव्यात.

रक्त बिघडल्यामुळे हे झालेले नाही, त्यामुळे रक्तशुद्धीच्या भुकटीने ते सुधारणारही नाही. मंजिष्ठा किंवा हळद चंदीत घातल्याने लगेच अपाय होईल असे मी म्हणत नाही. हळदीतील कर्क्युमिनचे प्रयोगशाळेतील काचपात्रात दिसणारे गुण पुष्कळ आहेत, परंतु पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि खाल्लेल्या हळदीने घोड्याचा मेलानोमा मावळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. कडुनिंबाचा पाला किंवा भुकटी मात्र पोटात नियमित देऊ नये. तिने घोडी चंदीला तोंड लावीनाशी होते, आणि सतरा वर्षांच्या घोडीची तब्येत मग उतरत जाते.

खरा प्रश्न या गाठी किती वेगाने वाढतात हा आहे. कित्येक गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. पुढे काहींची वाढ जोर धरते, त्या फुटतात, काळा स्राव येतो, लीद टाकताना अडथळा होतो, आणि आतही पसरू शकतात. म्हणून लहान असतानाच त्या काढून टाकणे सोपे आणि स्वस्त असते. या वयात आहे तसे राहू द्या, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तो आता मागे पडला आहे. पशुवैद्याला एकदा दाखवून गाठींची मापे लिहून ठेवावीत आणि दर तीन महिन्यांनी ताडून पाहावीत. ओठांच्या कडा आणि कानाखालची लाळग्रंथीची जागाही चाचपावी. वरातीच्या साजात दुमची असेल तर ती काढून टाका. शेपटीखालून जाणारा तो पट्टा नेमका गाठींवर घासतो, आणि बेळगावच्या गल्लीबोळांतून तासन्‌तास बँडपुढे नाचणाऱ्या घोडीची तेथील कातडी सोलून निघायला एक लग्नसराई पुरते.

प्रश्न (रायबाग तालुका) : आम्ही मेंढरे घेऊन फिरणारे धनगर. बिऱ्हाड वाहणाऱ्या तट्टाच्या अंगावर एका रात्रीत मानेपासून पोटापर्यंत गाठी उठल्या. लम्पी आला म्हणून गायींना सांगितलेले विड्याची पाने, काळी मिरी, मीठ आणि गूळ यांचे वाटण बांबूच्या नळ्याने पाजले. दोन दिवसांत गाठी बसल्या. औषध लागू पडले असे समजून हेच पुढेही वापरावे का? आमच्या दुसऱ्या एका घोड्याच्या मागच्या पायावर एका रांगेत गाठी आल्या असून त्या फुटून पिवळा चिकट पू येतो. त्यालाही हेच द्यावे का?

उत्तर : दुसऱ्या घोड्याचे आधी सांगतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. पायाच्या आतील बाजूने दोरीला गाठी मारल्याप्रमाणे रांगेने उठणाऱ्या, फुटून मधासारखा पू गाळणाऱ्या गाठी, आणि सोबत नाकातून शेंबूड किंवा ताप असेल तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा जिवाणूचा रोग घोडा, गाढव आणि खेचर यांना होतो, आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. माणसात तो जीवघेणा ठरू शकतो. त्यावर लस नाही. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यामार्फत तपासणीला जातो, आणि त्यासाठी देशातील मुख्य संस्था हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही आहे. रोग निश्चित झाल्यास घोड्यावर उपचार करण्यास परवानगी नाही, त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते आणि मालकाला नुकसानभरपाई मिळते. अशाच दिसणाऱ्या गाठी इतर, कमी घातक रोगांतही येतात, त्यामुळे ग्लँडर्सच आहे असे पत्रावरून मी म्हणत नाही. पण तोच आहे असे समजून वागा. त्या घोड्याला वेगळे बांधा, त्याची बादली आणि खोगीर दुसऱ्याला लावू नका, उघड्या हाताने पू पुसू नका, पाला वाटून चोळू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, आणि ज्या गावाच्या शिवारात असाल तेथूनच 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत किंवा कोणत्याही बाजारात तो घोडा नेऊ नका. घोडा जाईल या भीतीने रोग लपवण्याकडे कल होतो, हे मी समजू शकतो. पण पाल टाकून मुलाबाळांसह घोड्याशेजारी निजणाऱ्या बिऱ्हाडाला या रोगाचा धोका इतरांहून जास्त असतो.

आता तट्टाविषयी. त्याला लम्पी झालेला नव्हता. लम्पी हा गायी आणि म्हशींचा विषाणुजन्य रोग आहे, तो घोड्याला होत नाही. (2022 च्या साथीत गायींसाठी जी देशी लस तयार झाली, तिच्यावर काम करणाऱ्यांत हिसारचे हेच घोड्यांचे केंद्र होते, म्हणून कित्येकांचा गोंधळ झाला असावा.) एका रात्रीत उठणाऱ्या, बोटाने दाबल्यास खळगा पडणाऱ्या, एकदोन दिवसांत मावळणाऱ्या गाठी म्हणजे पित्ताच्या गांधी होत. किडे चावणे, नवा चारा, बुरसटलेले धान्य, एखादे इंजेक्शन किंवा अंगाला लागलेली वनस्पती यांपैकी कशानेही त्या उठतात, आणि काही न देताही बहुतेक वेळा बसतात. आपल्या वाटणाला त्याचे श्रेय देता येणार नाही.

पानमिरीचे ते वाटण गायींसाठी सुचवले गेले, तेव्हा चार पोटांचे रवंथ करणारे जनावर डोळ्यांपुढे होते. घोड्याचे पोट एकच असते, लहान असते, आणि त्याला ओकता येत नाही. पोटात जे गेले ते पुढेच जावे लागते, म्हणून गायीला सोसणारी मात्रा घोड्याला पोटदुखी आणू शकते. त्याहून मोठा धोका नळ्याचा आहे. मान वर ओढून बांबूच्या नळ्याने ओतलेले वाटण श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसात सडते आणि घोडा काही दिवसांत दगावतो. पाल्याने केलेले असो की बाटलीतले असो, कोणतेही औषध घोड्याला असे पाजू नये.

गांधी पुन्हा उठल्यास थंड पाण्याचे फडके फिरवावे, आदल्या दिवशी काय नवे खाल्ले ते आठवावे, आणि नाकपुड्यांकडे लक्ष ठेवावे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. नाकाभोवती सूज येऊन श्वास घरघरू लागला, तर पाला शोधत बसू नये, डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

प्रश्न (खानापूर तालुका) : आमच्याकडे पावसाळा मोठा. दरवर्षी जून-जुलैत घोडीच्या पायावरची बारीकशी जखम गाठीसारखी फुगते, खाज सुटते आणि आत पिवळे खडे सापडतात. थंडीत बरी होते. करंज तेल आणि कडुनिंब यांनी माश्या कमी होतात, पण गाठ जात नाही.

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. इंग्रज अमदानीतील घोड्यांचे डॉक्टर हिंदुस्थानातील अशा जखमांना बरसाती म्हणत, आणि त्या नावाखाली बहुधा दोन वेगळे रोग एकत्र येत होते. पहिल्यात पोटातील जंताच्या अळ्या माश्यांच्या तोंडून जखमेवर उतरतात आणि तेथे भरकटून गाठ उठवतात. दरवर्षी येणारी आणि थंडीत माश्यांबरोबर ओसरणारी आपल्या घोडीची गाठ बहुधा ही असावी. तिला आयव्हरमेक्टिनचे तोंडाने देण्याचे घोड्यांसाठीचे औषध, वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लागते. गुरांसाठीचे त्याचे इंजेक्शन घोड्याला टोचू नये, टोचलेल्या जागी घातक सूज येऊ शकते.

दुसरा पिथियोसिस. साचलेल्या पाण्यातील बुरशीसदृश जीवामुळे तो होतो, शेतातल्या डबक्यात पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या घोड्यांत आढळतो, आणि त्यात प्रवाळासारखे पिवळे कठीण खडे जखमेतून निघतात. तो आठवड्या-दोन आठवड्यांत भराभर वाढतो, थंडीची वाट पाहत नाही, आणि लवकर कापून काढला नाही तर घोडा हातचा जातो. यंदा गाठ नेहमीहून वेगाने वाढली तर थांबू नका.

करंज आणि कडुनिंबाचे तेल आपण लावता ते योग्यच आहे. माश्या दूर ठेवणे हे या आजारात अर्धे काम आहे, आणि ही दोन तेले ते चांगले करतात. फक्त ती जखमेच्या आत न भरता भोवतालच्या केसांवर लावावीत. उकिरडा तबेल्यापासून लांब ठेवल्यास तेलही कमी लागेल.

प्रश्न (आयुर्वेद शाखेची विद्यार्थिनी, बेळगाव) : आपण प्रत्येक वेळी झाडपाला नको म्हणता, असे आमच्या घरी बोलतात. शालिहोत्राची, म्हणजे प्राचीन अश्ववैद्यकाची, परंपरा असलेल्या देशात घोड्याच्या कातडीला चालतील अशा वनस्पतीच नाहीत का? आमच्याकडे दोन घोडे आहेत, म्हणून विचारते.

उत्तर : आहेत, आणि मी स्वतः त्या सुचवतो. कडुनिंबाचे तेल दहा पट खोबरेल किंवा करंज तेलात मिसळून माश्यांसाठी लावावे. नुसते तेल कातडीला झोंबते. हळद आणि खोबरेल खरचटलेल्या वरवरच्या कातडीला चालते. कोरफडीचा आतला पारदर्शक गर तंगाने घासलेल्या जागी थंडावा देतो. पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक मात्र पूर्ण गळू द्यावा. तो वाळला की काळा बोळ होतो, आणि पूर्वी घोड्यांना जुलाब म्हणून तोच देत असत, म्हणजे चाटला गेला तर काय होईल ते आपल्या ध्यानात येईल. कोणतेही नवे तेल आधी खांद्यावर रुपयाएवढ्या जागी लावून दोन दिवस पाहावे. डोळे, ओठ आणि मायांगाच्या आसपास यांतले काहीच लावू नये, आणि तेल लावलेल्या घोड्याला भर उन्हात उभे करू नये.

कुंपणात सर्वत्र असणारी कण्हेर घोड्याच्या वाऱ्यालाही नको. कातडीच्या कित्येक जुन्या तेलांत करवीर म्हणून ती सांगितलेली आहे, पण तिची मूठभर पाने, वाळलेलीसुद्धा, घोड्याचे हृदय बंद पाडायला पुरेशी आहेत. मुळीचे तेल लावलेला घोडा स्वतःला चाटतो, शेजारच्यालाही चाटतो. साध्या धोत्र्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल थांबते. म्हणून तयार तेल विकत घेताना त्यात काय आहे ते वाचावे, आणि लिहिलेले नसेल तर ते घेऊच नये.

आपण विद्यार्थिनी आहात, म्हणून एक काम सुचवतो. आपल्या शहरातील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था सह्याद्रीतील औषधींवर काम करते, पण तिचा रोख माणसांच्या आजारांवर आहे. घोड्यांबाबत अशी नोंद कोणी करायची हा प्रश्न उरतोच. उपाय करण्यापूर्वी गाठीचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, दर पंधरा दिवसांनी दुसरा फोटो, आणि त्याच घोड्याच्या औषध न लावलेल्या गाठीचाही फोटो, असे आपल्या दोन घोड्यांपासून सुरू करा. युरोपात मिसलटो या बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शने सारकॉइडच्या घोड्यांना देऊन, खोट्या इंजेक्शनाशी तुलना करून पाहिलेली आहेत, आणि काही घोड्यांत गाठी कमी झालेल्या दिसल्या. परिणाम मर्यादित होता, पण तो तुलना करून पाहिलेला होता. आपल्या वैदूंच्या मुळ्यांपैकी एखादी त्या कसोटीला उतरली, तर तिची शिफारस या सदरात मी आनंदाने करीन. फोटो आणि मापे असतील, तर पुढच्या पत्रासोबत जरूर पाठवा.